काठाचे राखणदार
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात सेलू येथे केलेले भाषण)



आपल्या मंडळाच्या मेळाव्यात दरवर्षी कोणत्या ना कोणत्या व्यवसायाची ओळख करून देणारे एक भाषण होत असते. आजवर डॉक्टर, वकील, इंजिनियर, बँकेतील अधिकारी असे अनेक ज्ञातिबांधव या मंचावरून बोलून गेले. यंदा कार्यकारिणीने वनखात्यातील नाकेदाराचे काम हा विषय निवडला आणि तो आमच्याकडे सोपविला, याचा आम्हांस आनंद वाटतो. थोडे नवलही वाटते. कारण वधूवरांच्या यादीत मुलाच्या नावापुढे ‘वनरक्षक’ असे छापलेले दिसले की आपल्याकडील मंडळी हळूच पान उलटतात, हे आम्ही पुष्कळ वर्षे पाहत आलो आहोत. आमची स्वतःची उणीपुरी पस्तीस वर्षे याच खात्यात गेली. तेव्हा आजचे बोलणे थोडे आपुलकीचे झाले तर ते आपण गोड मानून घ्यावे.

सरकारी कागदात ज्याला वनरक्षक म्हणतात तोच आपल्या इकडचा नाकेदार. त्याच्या हवाली जे रान असते त्याला नियतक्षेत्र म्हणतात. अशी काही नियतक्षेत्रे मिळून एक वर्तुळ होते व त्यावर वनपाल असतो. त्याच्या वर वनपरिक्षेत्र अधिकारी, ज्याला गावकरी अजूनही रेंजरसाहेब म्हणतात. या साऱ्या उतरंडीत जमिनीला पाय लागलेला असतो तो नाकेदाराचाच. वरच्या साहेबांच्या बदल्या होतात, योजनांची नावे बदलतात; पण अमुक नाल्यात मार्चअखेर पाणी राहते की नाही, आणि अमुक मोहाखाली पहाटे अस्वल येते की नाही, हे ज्याला पायांनी ठाऊक असते तो नाकेदार. आमच्या मते या नोकरीचे सारे मर्म या पायी मिळविलेल्या ज्ञानात आहे. दुसरे अंग आहे ते बोलण्याचे. त्याकडे आम्ही पुढे येऊच.

रानाचा राखणदार म्हणजे बंदूक खांद्याला लावून वाघामागे हिंडणारा शूर गडी, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात त्याच्या हाती बहुधा काठी असते, आणि त्याचा सर्वाधिक वेळ जातो तो सीमेवर: जेथे रान संपते आणि शेत लागते, किंवा जेथे जमीन संपते आणि पाणी लागते. माणूस येतो तो याच काठावर, आणि जनावर येते तेही येथेच. जगात कोठेही जा, राखणदाराचे काम काठावरच दाट होते. इंग्लंडात नॅशनल ट्रस्ट नावाची संस्था आहे. तिची स्थापना १८९५ सालची. समुद्रकिनारे, टेकड्या, बेटे अशी स्थळे ती सांभाळते आणि त्यावर राखणदार नेमते. तिच्याकडील फार्न बेटांवर उन्हाळ्यात सुरय पक्षी हजारोंनी अंडी घालतात. पाहुणा वाटेवरून चालू लागला की हे चिमुकले पक्षी त्याच्या डोक्यावर चोची मारतात. म्हणून तेथे येणाऱ्यांस टोपी घालून येण्याची सूचना असते! पण २०२२ साली पक्ष्यांत बर्ड फ्ल्यूची साथ पसरली, तेव्हा त्याच बेटांवर पाहुण्यांना उतरण्याची बंदी घालावी लागली आणि ती २०२४ पर्यंत उठली नाही. पाहुण्यांचे स्वागत करणे आणि वेळ आली की त्यांना नम्रपणे परत पाठविणे, ही दोन्ही कामे एकाच माणसाची.

आपल्या महाराष्ट्रातही असे काठ आहेत. कोकणात वेळास गावी २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने आणि गावकऱ्यांनी मिळून समुद्रकासवांची अंडी राखण्यास प्रारंभ केला. पूर्वी ती अंडी माणसे आणि कोल्ही-कुत्री उकरून खात. पुढे त्याच गावची पोरे पहाटे किनारा तुडवून घरटी शोधू लागली, आणि पिल्ले पाण्यात जाताना पाहण्यासाठी मुंबई-पुण्याहून येणाऱ्या मंडळींना जेवणखाण आणि मुक्काम देऊ लागली. राज्य सरकारने २०१२ साली कांदळवनांसाठी, म्हणजे खाडीतील खारफुटीच्या जंगलांसाठी, वनखात्यात स्वतंत्र कक्ष उघडला. २०१५ साली ठाण्याची खाडी रोहित पक्ष्यांचे अभयारण्य झाली. तेथील वनरक्षक भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहून होडीतून गस्त घालतो. आमच्यासारख्या विदर्भातल्या माणसाला याची मोठी मौज वाटते, कारण आमच्या नशिबी चिखल आला तो पावसाळ्यातला, काळ्या जमिनीचा.

पण सेलूकरांना काठ नाही असे कोणी समजू नये. हिंगणीवरून पुढे गेले की बोर धरण लागते. बोर नदीवरील हे मातीचे धरण १९६५ साली झाले आणि त्यानंतर पाच वर्षांनी, १९७० मध्ये, त्याच्या भोवतालचे ६१.१० चौरस किलोमीटरचे रान अभयारण्य म्हणून जाहीर झाले. धरण आधी, अभयारण्य मागून, हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. पुढे २०१२ साली नवीन बोर अभयारण्य जोडले गेले, त्याचा विस्तारही झाला, आणि २०१४ साली एकूण १३८.१२ चौरस किलोमीटरचा गाभा घेऊन बोर हा महाराष्ट्रातील सहावा आणि देशातील सत्तेचाळिसावा व्याघ्रप्रकल्प झाला. त्या वेळी देशातील सर्व व्याघ्रप्रकल्पांत तो आकाराने सर्वांत लहान होता. मेळघाटासारखा दूरवर पसरलेला डोंगराळ मुलूख येथे नाही. साग, ऐन, तेंदू, मोह, बांबू यांचे हे कोरडे रान चहूबाजूंनी शेतांनी आणि रस्त्यांनी वेढलेले आहे. म्हणजे बोर हे बहुतांशी काठच आहे म्हणा ना!

या जलाशयाचा काठ दर महिन्याला निराळा असतो. पावसाळा संपताना पाणी सागाच्या बुंध्यांना टेकते. पुढे कालव्यातून पाणी सुटू लागते तसतशी रेघ मागे सरते, आणि तिच्यामागे ओल्या गाळाचा पट्टा उघडा पडतो. त्यावर कोवळे गवत येते. चितळ, सांबर, रोही त्यावर चरायला उतरतात, आणि जेथे ती उतरतात तेथे त्यांच्यामागून कोण येणार हे निराळे सांगणे नको. हिवाळ्यात उत्तरेकडून चक्रवाकांची जोडपी आपल्या विदर्भातील तलावांवर उतरतात. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांचे ऊन पडले आणि रानातील नाले आटले की या काठाला एखाद्या बाजारपेठेची कळा येते; फरक एवढाच की येथे गिऱ्हाईक एकमेकांना भिऊन, पाळ्या लावून येते. चिखलात उमटलेले ठसे पहाटे वाचणे, हे नाकेदाराचे वर्तमानपत्र.

याच काठावर टिटवी अंडी घालते. टिटवी ओरडली की आपल्या घरातील वडीलधारी मंडळी अपशकुन म्हणून कपाळाला आठ्या घालतात, आणि तिने उंचवट्यावर अंडी घातली तर यंदा पाऊस बरा, असेही म्हणतात. बिचारीला या दोन्हींचा पत्ता नसतो. ती घरटे असे बांधतच नाही. खड्यांमध्ये जमिनीवर बहुधा चार अंडी घालते, आणि ती अंडी इतकी खड्यांसारखी असतात की पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. उन्हाचा कडाका वाढला की ती पाण्यात जाऊन पोटाची पिसे भिजवून येते आणि ओल्या पोटाने अंड्यांवर बसते, शेकण्याऐवजी निववते. हे आम्ही कितीदा पाहिले असेल, पण प्रत्येक वेळी उभे राहून पाहिले. आता अशा ठिकाणी रविवारी दुपारी दहा-बारा तरुणांची टोळी उतरली, तिने सतरंजी पसरली आणि चेंडूफळी मांडली, तर काय होते याची कल्पना करावी. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून आक्रोश करते. खेळणाऱ्यांना वाटते, पाखरू गात आहे. ती अर्धा-पाऊण तास अंड्यांपासून दूर राहिली तर त्या उन्हात अंडी शिजतात. कोणाच्या मनात वाईट नसते, आणि तरी चार जीव जातात.

अशा टोळीशी बोलणे हे नाकेदाराच्या कामाचे दुसरे अंग. नुसते ‘येथे बसू नका’ म्हटले तर उत्तर ठरलेले: ‘धरण काय तुमच्या बापाचे आहे?’ आम्ही पहिली काही वर्षे नियमांचा पाढा म्हणत असू. पुढे आमच्या एका वृद्ध वनमजुराने आम्हांस दुसरी रीत दाखविली. तो त्या पोरांजवळ जाऊन बसे, तंबाखू मळे, आणि म्हणे, ‘भाऊ, गंमत दाखवतो, पण चप्पल काढून हळू या.’ मग त्यांना पंधरा पावलांवरून ती अंडी दाखवी. त्यानंतर सतरंजी आपोआप दूर जाई. शाळेत न गेलेल्या त्या माणसाइतका चांगला अध्यापक आम्ही पाहिला नाही. सगळीच माणसे अशा गोडीने ऐकतात असे मात्र नव्हे. दारू प्यालेली, गाणी लावलेली, शिळ्या अन्नाच्या पन्न्या काठावर टाकून जाणारी मंडळीही येतात. तेथे चप्पल काढा म्हणून भागत नाही. दंडाची पावती फाडावी लागते, आणि पावती फाडणाऱ्याला शिव्या खाव्या लागतात. अमुक पुढाऱ्याला फोन लावतो, अशी धमकी तर नेहमीचीच. आपल्या ज्ञातीतील मंडळी यांत कधीच नसतात, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करीत नाही.

जंगल-सफारीची प्रथा वाढली तसा हा ताण अधिक झाला. ३१ डिसेंबर २०२४ रोजी आपल्या शेजारच्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एक वाघीण तिच्या पाच बछड्यांसह रस्त्यावर आली असता पर्यटकांच्या गाड्यांनी दोन्ही बाजूंनी तिची वाट अडविली. त्याची चित्रफीत सर्वत्र फिरली आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून त्याची दखल घेतली. चालकांवर आणि मार्गदर्शकांवर कारवाई झाली, ती योग्यच झाली. तथापि त्या गाड्यांत बसून ‘आणखी पुढे घे’ म्हणणारे कोण होते? पैसे भरले म्हणजे वाघ दिसलाच पाहिजे, असा हिशेब घरून बांधून आलेली आपल्यासारखीच कुटुंबवत्सल माणसे. वाघ हा सिनेमाचा खेळ नव्हे, हे पाहुण्याला सांगण्याची छाती मार्गदर्शकाला होत नाही, कारण त्याचे पोट पाहुण्यावर असते. ती छाती पगारदार वनरक्षकाची असावी लागते. म्हणून त्याची नोकरी सुरक्षित असणे आणि वरिष्ठाने त्याच्या पाठीशी उभे राहणे, या दोन गोष्टी आम्ही फार मोलाच्या मानतो.

आता दुसऱ्या काठाकडे वळू. म्हणजे रान आणि शेत यांच्या मधल्या धुऱ्याकडे. येथे बसलेल्यांपैकी बहुतेकांची कापूस, तूर, सोयाबीन यांची शेती आहे. रोही आणि डुकरे एका रात्रीत उभे पीक लोळवितात, हे आपल्याला आम्ही सांगावे असे नाही. जागलीला जाणाऱ्याचा जीव मुठीत असतो. ढोर मारले गेले की पंचनामा करायला पहिला पोहोचतो तो नाकेदार, आणि साऱ्या सरकारवरचा राग त्याच्यावर निघतो. एका गावी ऐन पेरणीच्या तोंडावर वाघाने एका शेतकऱ्याचा बैल मारला होता. आम्ही कागद घेऊन गेलो तेव्हा त्या घरधन्याने एक शब्द उच्चारला नाही. जूं उचलून आमच्यापुढे ठेवले, आणि दुसऱ्या बाजूला बोट दाखविले. भरपाई मिळते, पण पेरणी झाल्यावर मिळते, आणि मृग कोणाच्या सहीसाठी थांबत नाही. हे दुःख खरे आहे. वनखात्यात राहिलो म्हणून ते आम्ही नाकारणार नाही.

पण त्यावरचा जो एक उपाय काही जण चोरून करतात, त्याविषयी आज स्पष्ट बोलावयाचे आहे. कुंपणाच्या तारेत थेट विजेचा प्रवाह सोडणे हा गुन्हा आहे, आणि तो केवळ वाघापुरता नाही. त्या तारेला डुक्कर लागते, वाघ लागतो, आणि अंधारात शेजारच्या शेतातून निघालेला आपला भाऊबंदही लागतो. बॅटरीवर चालणारे, झटका देऊन सोडणारे सौर कुंपण मिळते. ते महाग पडते, हे मान्य. मंडळाने त्यासाठी गावोगाव गट करून एकत्र खरेदीचा विचार करावा, असे आम्ही कार्यकारिणीला सुचवितो. वसतिगृहाच्या निधीइतकेच ते समाजकार्य होईल.

महाराष्ट्रात २०१४ च्या गणनेत वाघ १९० होते, २०२२ च्या गणनेत ते ४४४ झाले. रान मात्र तेवढ्या प्रमाणात वाढले नाही. वयात आलेला वाघ नवी जागा शोधायला निघतो तो शेतांतून आणि रस्त्यांवरूनच. बोरचा ‘बाजीराव’ नावाने प्रसिद्ध असलेला वाघ डिसेंबर २०१७ मध्ये नागपूर-अमरावती महामार्गावर बाजारगावजवळ वाहनाच्या धडकेने मेला. इतक्या वर्षांच्या गस्तीने, पाणवठे राखून, फासे उचलून जो जीव जपला, तो एका रात्रीत डांबरावर संपला. त्या वेळी तेथील तरुण वनरक्षकांचे चेहरे ज्यांनी पाहिले त्यांना या नोकरीतील माया किती खोल असते, याची ओळख पटली असेल.

भाषणाचा विषय जाहीर झाल्यावर आपल्या एका भगिनीने आम्हांस पत्र लिहिले. त्यांची मुलगी वनरक्षकाच्या भरतीसाठी तयारी करीत आहे. घरातील वडीलधाऱ्यांचा विरोध आहे. मुलीने रानात एकटीने हिंडावे काय, असा त्यांचा प्रश्न आहे. हा प्रश्न एका घरापुरता नसल्याने येथेच उत्तर देतो.

या पदासाठी बारावीची परीक्षा विज्ञान, गणित, भूगोल किंवा अर्थशास्त्र यांपैकी एक विषय घेऊन उत्तीर्ण व्हावी लागते. लेखी परीक्षा आणि धावणे झाल्यावर चालण्याची कसोटी असते: चार तासांत पुरुषांनी २५ आणि स्त्रियांनी १६ किलोमीटर चालावे. ३० टक्के जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. आज कित्येक नियतक्षेत्रे मुली सांभाळीत आहेत, आणि आम्ही ज्यांच्याबरोबर काम केले त्यांच्याबद्दल सांगावयाचे तर ठसे वाचण्यात आणि गावातील बायांशी बोलण्यात त्या पुरुषांहून कांकणभर सरस होत्या. सरपणाला गेलेल्या बाईला पुरुष नाकेदार दिसला की ती पळते. मुलगी दिसली की थांबते आणि दोन गोष्टी सांगते. रानातील निम्मी बातमी अशीच मिळते.

धोका नाही असे मात्र आम्ही म्हणणार नाही. २० नोव्हेंबर २०२१ रोजी ताडोब्यात व्याघ्रगणनेच्या पूर्वतयारीत स्वाती ढुमणे या वनरक्षक भगिनी तीन वनमजुरांसह पायी निघाल्या होत्या. वाटेत वाघीण बसलेली दिसली. त्या थांबल्या, वाट पाहिली, आणि मग वळसा घालून जाऊ लागल्या असता वाघिणीने त्यांच्यावर झेप घातली. त्यांनी काही अविचार केला नव्हता. जे करावयास हवे तेच केले होते. गणनेत प्रत्येक नियतक्षेत्रात पाच-पाच किलोमीटरच्या वाटा पायी चालून खुणा नोंदवाव्या लागतात, आणि हे काम मोटारीतून होत नाही. आई-बापांनी हे सारे जाणून मग निर्णय करावा. रानात एकटीने हिंडावे लागते काय, या प्रश्नाला आमचे उत्तर असे: लागू नये. गस्त जोडीने, निदान एका वनमजुरासह व्हावी; संरक्षण कुटीत दिवा, पाणी, शौचालय आणि पक्के दार असावे; आणि बाळंतपणानंतर आडरानातील नेमणूक काही काळ टाळावी. यांपैकी किती गोष्टी प्रत्यक्ष मिळतात, हे ठिकाणागणिक बदलते. म्हणून नेमणूक मिळाल्यावर वडिलांनी मुलीबरोबर एकदा जाऊन ती कुटी पाहून यावी, आणि उणे दिसले तर लेखी मागावे. मुलीला घरी बसविण्यापेक्षा कुटीला दार बसविणे अधिक सोपे आहे.

राहिला प्रतिष्ठेचा प्रश्न. कै. मारुती चितमपल्ली वनक्षेत्रपाल म्हणून नोकरीस लागले, कर्नाळा, नवेगाव, नागझिरा, मेळघाट अशा रानांत त्यांनी आयुष्य घालविले, आणि २००६ साली सोलापूरच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. प्रत्येक नाकेदार साहित्यिक होईल असे नाही, व्हावे असेही नाही. पण ज्या खात्याने असा माणूस घडविला त्या खात्यातील स्थळ पाहताना वधूपित्यांनी निदान पान तरी उलटू नये!

शेवटी एक निकडीची गोष्ट. १५ फेब्रुवारीपासून १५ जूनपर्यंत वनखात्याचा आगीचा हंगाम असतो. जाळरेषा काढणे, पालापाचोळा दूर सारणे ही कामे त्याआधीच चालू होतात. रानात आग आपोआप लागत नाही. मोहफुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला पेटविला जातो, तेंदूला नवी पाने यावीत म्हणून काडी लावली जाते, आणि शेतकरी धुरे जाळतात तेव्हा वारा फिरतो. हिंगणीकडील आणि रानाला लागून शेती असलेल्या आपल्या बांधवांनी धुरा पेटविण्याआधी नाकेदाराला कळवावे. तो दोन माणसे घेऊन येईल आणि वारा पडेपर्यंत सोबत थांबेल. सकाळच्या वेळी जाळावे, दुपारी नव्हे. मोहाखाली झाडणी करावी, काडी लावू नये. आपापल्या नियतक्षेत्राच्या वनरक्षकाचा फोन क्रमांक वहीत लिहून ठेवावा, आणि तो आला तर त्याला ओसरीवर बसवून पाणी द्यावे. बहुधा तो पहाटेपासून चालत असतो.